सुरगाठ

हल्ली निमंत्रणाचा फोन आला की मी पुस्तकाचा विषय विचारत नाही, सभागृह कितव्या मजल्यावर आहे ते विचारतो. पलीकडचा माणूस थोडा गांगरतो. मग जिन्याला कठडा आहे का, ते विचारतो. या दोन परीक्षांत पास झालेल्या पुस्तकाला मी अध्यक्ष म्हणून जातो. पुस्तक चांगलं असलं तर उत्तमच.

एके काळी आठवड्यात तीन कार्यक्रम व्हायचे. मडगावला भाषण, दुसऱ्या दिवशी सावंतवाडी, शनिवारी बेळगाव. भाषणाच्या टिपणांचा एकच कागद असायचा, घडी घालून खिशात. आता अक्षर मोठं काढावं लागतं, त्यामुळे मजकूर तेवढाच राहून कागद सात झाले आहेत. मी ती चळत घेऊन उभा राहिलो की पहिल्या रांगेतले लोक घड्याळ बघतात. त्यांना काय सांगू, की ही दहा मिनिटंच आहेत, फक्त ती जाड अक्षरात आहेत.

शालींबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, तेव्हा तो विषय सोडतो. मला सांगायचं आहे ते फितीबद्दल.

प्रकाशनासाठी पुस्तक रंगीत कागदात गुंडाळून, वर फीत बांधून तबकात ठेवतात. पाहुण्याने फीत सोडायची, कागद दूर सारायचा, पुस्तक छातीशी धरून फोटोवाल्याकडे बघायचं. वाचायला हे सोपं वाटतं. पण मी भलेभले विद्वान त्या गाठीशी झटताना पाहिले आहेत. नखं लावून होतात, दात लावायचा मोह होतो, मग सूत्रसंचालक 'हा उत्कंठेचा क्षण' वगैरे म्हणत वेळ मारून नेतो आणि कोणी तरी कात्री आणायला धावतं.

माझ्या पुस्तकांवर ही वेळ कधी आली नाही, कारण फीत माझा मित्र बांधायचा. टोक धरून हलकेच ओढलं की सगळं आपोआप मोकळं. सुरगाठ. तो छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक 1962 च्या मार्चमध्ये निघालं, म्हणजे गोव्याच्या मुक्तीला तीन-साडेतीन महिने झाले होते. त्या दिवसांत गोव्यात अचानक मराठी छपाईची कामं निघाली आणि पुढे काही वर्षांत हाही पोरगेला असताना एका छापखान्यात चिकटला. जुळवून झालेलं शिशाचं पान दोऱ्याने आवळून बांधावं लागतं, नाही तर उचलताना सगळे खिळे जमिनीवर. त्या दोऱ्याला गाठ मारायची नसते. चार-पाच वेढे घालून टोक कोपऱ्यात असं खुपसायचं की पान हलणार नाही, आणि सोडताना एका ओढीत सुटेल. चाळीस पानं बांधायची, चाळीस सोडायची, निरगाठी मारून चालणार कसं! तेच कसब तो फितीवर वापरायचा.

माझी पहिली कादंबरी त्यानेच जुळवली. मध्येच एकदा घरी येऊन उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तुज्या पुस्तकांत 'ळ' उणो पडटा." खोक्यातले 'ळ' संपले होते. माझ्या नायिकेचे डोळे, तिच्या खिडकीबाहेरचा काळोख, आभाळ, तळं, सगळीकडे ळच ळ. एक फर्मा छापून खिळे मोकळे होईपर्यंत थांबायचं, नाही तर शब्द बदलायचे. मी दोन पानांवर आभाळाचं आकाश केलं. एका समीक्षकाने पुढे लिहिलं की या लेखकाची शैली मधूनच संस्कृतप्रचुर होते.

5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला. त्याच पावसाळ्यात माझ्या दुसऱ्या कादंबरीचं प्रकाशन पणजीत होतं आणि पाहुणे बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत अडकलेले. कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू झाला. कोणी उठून गेलं नाही, बाहेर पाऊस होता हेही त्याचं एक कारण असेल. तेवढ्या वेळात त्याने तबकातली फीत चार वेळा सोडून चार तऱ्हांनी बांधून दाखवली, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. नंतरच्या भाषणांना तेवढ्या मिळाल्या नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही बोलेनासे झालो. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली, मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. त्याआधीच्या आंदोलनात तो त्या बाजूला, मी या बाजूला. गंमत अशी की मराठीचं तो जन्मभर पान लावत आला, आणि मी घरी बोलतो ती कोकणी. आम्ही भांडलो तेही कोकणीतच. मराठीत मला त्याच्याशी भांडता आलंच नसतं. वर्षभर अबोला. त्या वर्षी माझा एक कथासंग्रह निघाला. कार्यक्रमाला तो आला नाही. तबकातलं पुस्तक मात्र नेहमीसारखं बांधलेलं होतं. मी टोक ओढलं, कागद अलगद उलगडला. व्यासपीठावर काय बोलायचं ते मी त्या दिवशी विसरलो.

परवा डिसेंबरात एका मुलीच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं. तळमजला, कठड्याचा प्रश्नच नाही. तिने कुठून तरी त्याची कीर्ती ऐकली होती, म्हणून रायबंदरला त्याच्या घरी जाऊन तिनेच पुस्तक बांधून आणलं. माझ्या हातात तबक आलं. मी सवयीने टोक ओढलं. काही नाही. दुसरं ओढलं, गाठ आणखी आवळली. निरगाठ होती, एकीवर एक, तीन. माझीही बोटं आता काही कामाची नाहीत. माईकवरून 'उत्कंठेचा क्षण' येऊन गेला. कोणी गाडीची किल्ली पुढे केली, शेवटी लेखिकेनेच पर्समधून नखं कापायचं यंत्र काढून फीत तोडली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तो मान वर करून पंखा बघत होता.

परत जाताना बसमध्ये शेजारी बसलो. पाटोवरून रायबंदरकडे जाणारा तो लांबलचक बांध, सतराव्या शतकातला, अजून बसगाड्या पेलतो. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला पाणथळ. उजेड कलला होता. फितीबद्दल दोघेही बोललो नाही. रायबंदरच्या धक्क्यावर तो घराकडे वळेल असं वाटलं होतं, पण माझ्याबरोबर बाकावर येऊन बसला. मला दिवाडीला जायचं, आणि फेरीबोट पलीकडच्या काठाला लागलेली. (नदी, नाव आणि उतारवय ही उपमा मी एका कादंबरीत वापरून झालो आहे. त्यामुळे इथे नदी म्हणजे नदीच.)

"बोटां आयकनात मरे," तो म्हणाला. "दोरी धरता, पूण गांठ खंय बसता तें कळना."

मी काही बोललो नाही. खिशात हात घातला तर ती तुटकी फीत सापडली. कधी ठेवली, आठवत नाही. त्याने ती घेतली, मांडीवर सरळ केली आणि आपल्या काठीची मूठ माझ्यापुढे धरली. एक वेढा. दुसरा. टोक खालून वर. वर काढलेलं टोक परत आत, पण पुरतं नाही, अर्धं. तो नुसता बोटाने दाखवत होता, बोट थरथरत होतं, आणि मी बांधत होतो. ओढलं. गाठ आवळली.

"फाटीं घे."

पुन्हा बांधली. या वेळी ओढायच्या आधीच सुटली. फेरीबोट आली, फळी धाडकन धक्क्यावर टेकली, स्कूटरवाले उतरले, चढले. एक बाई पिशवीतले पाव सांभाळत आमच्याकडे बघून गेली: दोन म्हातारे आणि काठीला गुलाबी फीत. खलाशाने हात केला. मी उठायला लागलो, तर त्याने काठी तशीच पुढे धरलेली.

"राव," तो म्हणाला, म्हणजे थांब. "परत कर."

फळी वर उचलली गेली. मी फितीचं टोक खालून वर घेतलं.