पूना डिव्हिजनचा एक ड्रायव्हर

रविवार, रात्री

शेजारच्या ब्रिटिश बाईंच्या आजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात गेला, एवढंच त्यांच्या घरात माहीत आहे. कपाटात त्याच्या नावाचं कांस्याचं मोठं गोल स्मृतिपदक आहे. मृतांच्या घरी सरकारने अशी पदकं पाठवली होती. सगळ्यांना सारखा मान म्हणून त्यावर हुद्दा नाही की पलटण नाही, नुसतं नाव. एका जुन्या पत्रात ‘पूना डिव्हिजन’ (तेव्हाच्या हिंदी सैन्यातला एक मोठा विभाग) हे शब्द निघाले आणि मी पडले पुण्याची, म्हणून शोध माझ्या गळ्यात आला.

पदकांच्या नोंदीचं कार्ड मिळालं. रॉयल फील्ड आर्टिलरी, म्हणजे ब्रिटिश तोफखाना, हुद्दा ड्रायव्हर, रणभूमी मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. सेवेची फाइल मात्र नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा युद्धखात्याच्या कोठाराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त फाइली जळाल्या. उरल्या त्यात हा नाही. बाई हिरमुसल्या. म्हणाल्या, निदान गाडी कुठली चालवायचा ते तरी कळेल का?

गाडी नव्हतीच. तोफखान्यातला ड्रायव्हर घोड्यावर असायचा. अठरा पौंडी तोफ ओढायला सहा घोडे, म्हणजे तीन जोड्या, आणि दर जोडीमागे एक माणूस. तो डाव्या घोड्यावर बसून उजवा हाकायचा. मधल्या दांड्याखाली पाय चिरडू नये म्हणून उजव्या पायाला लोखंडी पट्टी बांधलेली. मुक्कामाला पोचल्यावर आधी घोड्यांचं दाणापाणी, खरारा, खूर बघणं, सामानाचं चामडं पुसणं. स्वतःचं जेवण मग.

कबरीच्या नोंदीत बॅटरीचा, म्हणजे त्याच्या तोफांच्या तुकडीचा, आकडा सापडला तेव्हा मात्र छातीत धस्स झालं. ६३वी. म्हणजे दहावी ब्रिगेड, म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. म्हणजे कूत.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाऊन जनरल टाउनशेंडचं सैन्य, म्हणजे हीच डिव्हिजन, तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत गावात मागे आलं. डिसेंबरच्या सुरुवातीला तुर्कांनी वेढा घातला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने सुटला. घोडदळ वेढा पक्का होण्याआधीच बाहेर पाठवलं होतं. तोफखान्याची जनावरं आतच राहिली. आधी त्यांचा दाणा संपत आला, मग माणसांचं अन्न. नव्या वर्षात घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडात घेतलं नाही. आमच्या ड्रायव्हरच्या जोडीचं काय झालं हे कुठल्याही कागदावर नाही. अंदाज बांधता येतो. बाईंना तो सांगायचा की नाही, यावर संध्याकाळभर घुटमळले. शेवटी ठरवलं की कूतमध्ये जनावरं कापली गेली एवढं सांगायचं. त्याला काय वाटलं असेल हे लिहायचा मला अधिकार नाही.

शरणागतीआधी तोफा सुरुंग लावून फोडल्या. मग कैद. आधी बगदाद, पुढे सामर्‍यापर्यंत आगगाडी, आणि तिथून उन्हाळ्यात वाळवंट तुडवत उत्तरेकडे. जे पोचले त्यांना तुर्कस्तानातल्या तॉरस आणि अमानस डोंगरात रेल्वेच्या कामावर जुंपलं. कूतच्या ब्रिटिश शिपाई-कैद्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त परत आलेच नाहीत. टाउनशेंड तेवढा काळ कॉन्स्टँटिनोपलजवळच्या (आजचं इस्तंबूल) बेटावर आरामात होता. हे वाक्य बाईंच्या कागदात घालणार नाही, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मृत्यूची तारीख दोन ठिकाणी दोन आहे. खरं तर दोन्हींवर माझा भरवसा नाही. त्या वाटेवर हिशोब ठेवायला कोण होतं? बऱ्याच तारखा पुढे सुटून आलेल्यांच्या जबानीवरून बसवलेल्या. सगळ्यात जास्त कळलं ते मृत शिपायांच्या येणे रकमेच्या वहीतून: थकलेला पगार किती, वारस कोण (आई), पैसे कधी दिले. युद्धाचं बक्षीस म्हणून जी रक्कम वेगळी मिळे ती नोकरीच्या महिन्यांनुसार वाढायची, त्यामुळे उलट गणित करून तो साधारण कधी भरती झाला तेही काढता येतं. रणांगणाच्या डायऱ्यांत अधिकाऱ्यांची नावं असतात, बाकीच्यांची संख्या. पैशांच्या वहीला मात्र प्रत्येकाचं नाव लागतं, नाहीतर पैसे द्यायचे कोणाला?

बाईंनी सहज विचारलं होतं, तुमच्याकडचं कोणी होतं का तिथे? होते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्याच वेढ्यात होत्या. बाईंच्या ड्रायव्हरला आज बगदादच्या उत्तर दरवाजाच्या कब्रस्तानात नावाचा दगड आहे. कबर सापडली नसती तरी बसराच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं गेलं असतं. त्याच स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीखाली आकडा आला. हे ऐकून बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मीही विषय ताणला नाही.

जिनीव्हाला रेडक्रॉसने जपलेली युद्धकैद्यांची कार्डं अजून बघायची आहेत. नावाची स्पेलिंगं तिथे कशीही असतात, म्हणून आडनावाची निरनिराळी रूपं आजच लिहून ठेवली. बाईंनीच त्यात एक भर घातली: त्यांच्या पणजोबांच्या सहीत शेवटी एक अक्षर जास्त आहे.