कमवा-शिकाचा चार्ज माझ्याकडे आला तेव्हा

कॉलेजात कायम होऊन मला जेमतेम वर्ष झालं असेल, तोच प्राचार्य सरांनी बोलावून कमवा व शिका योजनेचा, म्हणजे गरजू मुलांना कॉलेजातच तासांवर काम देऊन मोबदला देणाऱ्या योजनेचा, चार्ज माझ्याकडे दिला. सोबत शिष्यवृत्ती समितीही. "मॅडम, तुम्ही वाणिज्यच्या, तुमचं हिशेबाचं चांगलं आहे," म्हणाले. कॉलेजात असं कौतुक झालं की समजून घ्यायचं, कुणालाच नको असलेलं काम आपल्याकडे निघालंय.

आमचं कॉलेज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. निम्म्याहून जास्त पोरं एसटीने येतात. घरी शेती असली तर कोरडवाहू, नसली तर आईबाप दुसऱ्याच्या रानात. बऱ्याच घरांतली माणसं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अशा मुलांसाठी सरकार काही करत नाही, असं लोक सहज बोलून जातात. योजना भरपूर आहेत. घोडं अडतं ते वेळेवर. पास महिन्याच्या सुरुवातीला काढावा लागतो, परीक्षेचा फॉर्म सत्र संपायच्या आत भरावा लागतो, आणि शिष्यवृत्ती कधी मार्चअखेर येते, कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. मधले महिने पोरानं कसे काढायचे, याला कुठल्याच अर्जात रकाना नाही. समन्वयक म्हणून माझं बहुतेक काम त्या मधल्या महिन्यांचं निघालं.

योजनेला नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून राबायची आणि शिकायची. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथेही मुलं काम करून शिकली. तेव्हा पोरांनी राबून पिकवलेलं बोर्डिंगातच शिजायचं. आता पोरानं केलेल्या कामाचे तास मस्टरवर चढतात, मस्टरवरून बिल होतं, बिल विद्यापीठाकडे जातं आणि तिथून मंजुरी सावकाश फिरून येते. २२ सप्टेंबरला जयंतीला आम्ही कर्मवीरांच्या फोटोला हार घालतो, आणि त्या दिवशी ऑगस्टची बिलं बहुधा कुठेतरी अडकलेली असतात.

निवडीची पद्धत ठरलेली. नोटीस लागते, मुलं अर्ज करतात, सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडतात, मग मुलाखत. या मुलाखतीत पोरांना गरिबी शाबीत करायला लावलेली मला पहिल्यापासून पटली नाही. एका मुलीचा ड्रेस इस्त्रीचा होता आणि हातात मोबाईल होता, तेवढ्यावरून समितीतले एक सर म्हणाले, "हिला कशाला पाहिजे कमवा-शिका?" तो मोबाईल अख्ख्या घरात मिळून एक होता. दाखल्यापासून परीक्षेच्या फॉर्मापर्यंत सगळ्याचा ओटीपी त्याच्यावरच यायचा, म्हणून आई कामाला जाताना तो हिच्याजवळ ठेवून जायची. पुढच्या वर्षी मी प्रश्नच बदलले. घरून किती वाजता निघतेस? परतीची शेवटची गाडी किती वाजता? पास कोण काढून देतं? एवढ्यावर घराचा अंदाज येतो, आणि पोरांनाही खाली मान घालावी लागत नाही.

दाखल्याची गंमत वेगळीच. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला अडीच लाखांची मर्यादा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची. घर तेच, दाखला तोच, पण कुणी कशात बसायचं याचा घोळ दर वर्षी नव्याने. ऊसतोडीवाल्या घरांत त्यात आणखी एक अडचण. आईबाप एकदा फडावर गेले की अर्जावर सही करायला घरी कुणी उरत नाही. कुणाकडे आजी असते, कुणाकडे तीही नाही, आणि थोरलं पोरगंच धाकट्यांना सांभाळत असतं. म्हणून दाखल्याची आमची मुदत शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या तारखेवर ठरत नाही. दसऱ्याच्या आत दाखला काढा, असं मी जुलैतच सांगून ठेवते.

पण पहिल्या सत्रात खरा घोळ घातला तो एसटीने.

कामाचे तास तासिका सोडून द्यायचे असतात. आमच्या तासिका सकाळी आठला सुरू होतात आणि एकला संपतात, तेव्हा दुपारी काम द्यायचं असा रिवाज. पहिल्याच महिन्यात मस्टर पाहिलं तर निवड झालेल्या मुलींतल्या निम्म्या गैरहजर. विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी एकीनं सांगितलं, "मॅडम, सव्वादोनची गेली की मग साडेपाचची. ती फाट्यापर्यंतच जाते. तिथून वस्तीवर चालत जायचं म्हणजे अंधार होतो, घरचे नको म्हणतात." मी स्टँडवर गेले. वाहतूक नियंत्रकांनी भिंतीवरचा फलक दाखवला आणि वर म्हणाले, "मॅडम, हे नुसतं लिहिलेलं आहे. खरं मी सांगतो, घ्या लिहून." सव्वादोनची पावणेतीनच्या आत कधी हलत नाही. शनिवारी एका मार्गावरची मुक्कामी गाडीच नसते. आठवडे बाजाराच्या दिवशी एक जादा सुटते, पण ती उलट्या दिशेला. ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि कामाचं वाटप त्यावरून केलं.

मुक्कामी गाडीने येणारी पोरं पावणेसातलाच गावात उतरतात आणि आठपर्यंत गेटजवळच्या कट्ट्यावर बसून राहतात. त्यांना सकाळचा तास ग्रंथालयात दिला. पुस्तकं जागेवर लावायची, वर्तमानपत्रांच्या फायली करायच्या, पुस्तकांच्या दाखल नोंदवहीचं जुनं काम संगणकावर चढवायचं. प्रश्न उरला किल्लीचा. आमचे शिपाई मामा कॉलेजच्या आवारातच राहतात. त्यांनी कुलूप काढून द्यायचं कबूल केलं, पण पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची मोटर त्या वेळी पोरांनी चालू-बंद करायची, या अटीवर. तसं ठरलं.

पासचं कोडंही तिथेच उलगडलं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. पोरगी एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, आली की तो बंद. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, पण उरलेला तिसरा हिस्सा रोख आणि आगाऊ भरायचा. प्रवेश घेऊन महिन्या-दोन महिन्यांत ज्या मुली दिसेनाशा होतात, त्यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये "लग्न जमलं असेल" असं म्हणून विषय मिटतो. काहींचं जमलेलं असतंही. काहींचा नुसता पास निघालेला नसतो.

म्हणजे कामाचा मोबदला त्या-त्या महिन्यात हातात पडला तरच उपयोग. त्यात कांदा लागवडीच्या दिवसांत रानातली रोजंदारी आमच्या तासांच्या पैशांपेक्षा जास्त, आणि ती बाजाराच्या दिवशी रोख मिळते. पोरं तिकडे वळली तर त्यांना बोल कसा लावायचा? मी कार्यालयात विषय काढला की विद्यापीठाची रक्कम येईपर्यंत कॉलेजने आपल्या खात्यातून द्यावं आणि आली की वळतं करून घ्यावं. आमचे वरिष्ठ लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ऑडिटला उत्तर तुम्ही देणार का मॅडम?"

"देईन."

"मग तसं लिहून द्या."

लिहून दिलं. 'उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की' पासून 'सबब मंजुरीस्तव सादर' पर्यंत. मसुदा भाऊसाहेबांनीच नीट करून दिला, हेही सांगायला हवं. 'आगाऊ' खोडून 'समायोजनाच्या अधीन राहून' असं त्यांनीच घातलं, आणि त्या तीन शब्दांवर टिपणी पास झाली. आता महिनाअखेर मस्टर बंद होतं आणि पाच तारखेच्या आत पैसे खात्यात पडतात. हजेरी आपोआप सुधारली. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

खात्यात पडतात म्हणाले खरं, पण कुठल्या खात्यात, ही दुसरी कथा. एसवाय बीएस्सीचा एक मुलगा पासबुक घेऊन आला. पोर्टलवर शिष्यवृत्ती जमा दाखवत होती, पासबुकात काहीच नाही. बँकेत गेला तर "तुमचं आधार जोडलेलं आहे, आमच्याकडून ओके आहे" एवढंच ऐकून परत. यात एक बारकावा आहे, जो बँकेच्या खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, त्या खात्याचं मॅपिंग असणं वेगळं. एनपीसीआय ही बँकांमधली पैशांची देवघेव सांभाळणारी संस्था, तिच्या यादीत एका आधारपुढे एकच बँक असते, शेवटी जिथे संमती दिली ती. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघितली तर भलत्याच बँकेचं नाव. मुलगा बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "यात्रेत सिम घेतलं होतं मॅडम. त्यानं दोनदा अंगठा घेतला." त्या दुसऱ्या अंगठ्यानं खातं उघडलं होतं. पैसे तिथेच सुखरूप होते, फक्त ज्याचे होते त्याला पत्ता नव्हता.

अनुसूचित जातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळा येतो, त्यामुळे एकच रक्कम दोनदा शोधावी लागते. शिवाय आता शिकवणी शुल्कही विद्यार्थ्याच्याच खात्यात येतं आणि त्यानं ते कॉलेजला भरायचं असतं. धोरण म्हणून मला हे मान्य आहे. पैसा पोराच्या नावाचा आहे, मधल्या माणसाचा हात लागू नये. पण ज्या घरात दवाखान्याची उधारी थकली आहे, तिथे खात्यात आलेली रक्कम कॉलेजची फी म्हणून बाजूला ठेवायला सांगणं फार अवघड. पुढे तोच मुलगा आमच्या वहीत थकबाकीदार म्हणून लागतो.

आता फॉर्म सुरू व्हायच्या आधी संगणक प्रयोगशाळेत मदत कक्ष असतो आणि तो कमवा-शिकाचीच मुलं चालवतात. आलेल्याचं मॅपिंग आधी तपासायचं, मग आधार, दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र यांवरची नावं ताडून बघायची. वडिलांचं नाव एका ठिकाणी 'राव' लावून आणि दुसरीकडे नुसतंच, यावरून परत आलेले अर्ज काही थोडेथोडके नाहीत. या कामावरून स्टाफमध्ये वादही झाला. कमवा-शिका म्हणजे श्रमसंस्कार, पोरांनी बागेत कुदळ धरलीच पाहिजे, असं जुन्या मंडळींचं मत. बागेचं काम अजूनही आहे आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. पण बीकॉमच्या मुलानं तीन वर्षं झाडांना पाणी घातलं आणि हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरला हात लावला नाही, तर शेवटी बायोडाटात तो काय लिहिणार? मी कामं फिरती ठेवते. एक सत्र आवारात, एक ग्रंथालयात, एक कार्यालयात. मदत कक्षात बसलेली एक मुलगी आज एका सेवा केंद्रात नोकरीला आहे. मुलाखतीत तिला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दाखवायला सांगितलं होतं.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. शिक्षण चालू असलेल्याला मात्र नाही. नोटीस लावली त्याच दिवशी एसवायची एक मुलगी दारात उभी. "मॅडम, कॉलेज सोडलं तर मिळतील ना?" तिला कमवा-शिकातून महिन्याला मिळायचं ते ६,००० च्या जवळपासही नव्हतं. मी कागद घेतला आणि तिच्यासमोर मांडलं. प्रशिक्षण तेव्हा सहा महिन्यांचं होतं. सहा महिने ६,००० आणि नंतर काय, ते लिहिलेलं नाही. दीड वर्ष काढलं तर पदवी, मग रक्कमही वेगळी. ती थांबली. तिच्याच वर्गातला एक मुलगा थांबला नाही, आणि त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक असल्याने मी त्याला अडवलंही नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्याला बहिःस्थ फॉर्म भरायला बोलावलं होतं. अजून आलेला नाही.

सध्या माझ्या टेबलावर लेखापरीक्षणाचा शेरा पडून आहे. 'ग्रंथालयाची वेळ सकाळी ८.००, मस्टरवर काम सकाळी ६.५० पासून कसे?' उत्तरासोबत मी एसटीचं वेळापत्रक जोडलं, आगाराच्या सही-शिक्क्यासह. ते परत आलं. त्यांना वेळापत्रक नको, ग्रंथालयाच्या वेळेत बदल केल्याचा ठराव हवाय. महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या बैठकीत तो करून घ्यायचा आहे. भाऊसाहेबांनी विषयपत्रिकेत तो शेवटून दुसरा घातलाय, म्हणजे चहा आल्यावर येईल आणि कुणी फाटे फोडणार नाही.