हात तर त्यांचेच ना

काल रामकुंडाजवळ एक बाई गर्दीत पोराचं मनगट इतकं घट्ट धरून चालली होती की त्याची बोटं पांढरी पडलेली, आणि मला एकदम गावित बहिणी आठवल्या. रेणुका आणि सीमा, १९९६ ला पकडल्या, लहान मुलं पळवायच्या, चोरीत ढाल म्हणून वापरायच्या आणि नकोशी झाली की मारायच्या. सोबत आई अंजनाबाई, ती खटल्याआधीच मेली. मग आईच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलींचा दोष किती धरायचा? आमची आई म्हणते, "अरे, हात तर त्यांचेच ना!" पटतं. पण २००६ ला सुप्रीम कोर्टाने कायम केलेली फाशी २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनेच कैक वर्षं घालवली. मी तसा फाशीच्या विरोधातला, तरी तेव्हा जाम चिडलो होतो, का ते अजून कळलं नाहीये.