जमेची बाजू कोरी

सोमवार, रात्री

यंदा गोवा खरंच होणार असं दिसतंय. कारण भावोजींना मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एकदा जायचंच आहे, आणि भावोजींनी मनावर घेतलं की जाऊबाई सुटकेस काढूनच ठेवतात. आम्ही तीन जोडपी. मुलं सासूबाईंकडे, पाचपाखाडीला. एकवीसच्या आतल्यांना खेळाच्या मजल्यावर घेतच नाहीत, त्यामुळे निदान त्यावरून रडारड झाली नाही.

हिशेब माझ्या गळ्यात. मी वागळे इस्टेटला अकाउंट्समध्ये आहे ना, म्हणजे घरी आल्यावरही मला आकडेमोड करायला आवडतच असणार!

शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, रविवारी संध्याकाळी करमळीहून तीच परत. दोन्ही रात्री गाडीत, हॉटेल एकच रात्र, रजा शून्य. सोमवारी पहाटे ठाण्यात उतरून आंघोळ करून ऑफिसला. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण त्या एका रात्रीच्या खोलीचे पैसे सांगितल्यावर सरळ झालं.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि शुक्रवारची कोकणकन्या म्हणजे अर्धं ठाणे-डोंबिवली लॉगिन करून बसलेलं असतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, आम्हीही सहाच. तत्काळवर विसंबलं तर तिथे एका तिकिटावर चारच. मग कोणत्या जोडप्याला मागे ठेवायचं? त्यापेक्षा आठला गजर लावलेला बरा.

मुक्काम पणजीतच. भावोजींना कळंगुट हवं होतं. पण तिथून रात्री पणजीला यायचं, पहाटे परत जायचं, म्हणजे दोन टॅक्सी आणि त्या वेळेला सांगतील तो भाव. पणजीत राहिलं तर बोटीची काउंटरं नदीकाठी रस्त्यालाच आहेत, चालत जाता येतं. समुद्र बघायला मिरामार आहेच. दिवसा भाड्याच्या स्कूटर. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्याच घ्यायच्या. पांढऱ्या पाटीची कुणी स्वस्तात देऊ केली तरी नको, ती भाड्याने देणं बेकायदा आणि पोलिसांनी अडवलं की सगळी स्वस्ताई तिथेच फिटते.

माणशी धरलेले आकडे: थर्ड एसी जाऊन-येऊन 2,400, खोलीचा वाटा 1,800, स्कूटर-पेट्रोल 500, जेवणखाण 1,800, हातचे 500. एकूण 7,000. मासळीची थाळी आणि संध्याकाळचं जे काय असेल ते जेवणखाणात धरलंय. भावोजींचं त्यात भागणार नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

बुधवार

आज खरी बोलाचाली झाली. कागद बघून भावोजी म्हणाले, "वहिनी, यात जमेची बाजू कुठाय? बोटीवर जिंकलो तर हॉटेलचे पैसे तिथेच निघतील." ते अर्धं थट्टेत होतं, अर्धं नव्हतं. जमा कोरी ठेवली, ती कोरीच राहणार.

मग मी त्यांना रूलेटचं चाक समजावलं. एका शून्याच्या चाकावर 37 घरं. नंबर लागला तर एकास पस्तीस देतात. म्हणजे चाक फिरवत राहिलं तर लावलेल्या प्रत्येक शंभरामागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. दोन शून्यांचं चाक असेल तर 5 रुपये 26 पैसे. "एवढंच?" म्हणाले. दादा, ते प्रत्येक फेरीला! शंभर रुपये तासात चाळीस वेळा लावले तर चार हजार फिरले. त्यात सरासरी शंभर-सव्वाशे गेले, आणि चाक दोन शून्यांचं असेल तर दोनशेच्या वर. शनिवारी रात्री शंभराचं टेबल मिळालं तर नशीब, वीकेंडला कमीत कमी लावायची रक्कम चढवतात.

पण चाकापेक्षा जड आहे तो कर. कॅसिनोवरचा जीएसटी ऑक्टोबर 2023 मध्ये 28 टक्के झाला, चिप्ससाठी, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्यांसाठी, मोजलेल्या पूर्ण रकमेवर. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 आहे. कर वरून लावला तर हजाराच्या चिप्सना चौदाशे मोजायचे. आतच धरला तर हजार देऊन हातात 714 च्या चिप्स. चाक फिरायच्या आधीच! म्हणून कागदावर लाल शाईने लिहिलंय: काउंटरवर पहिला प्रश्न, "हजार दिले तर चिप्स किती?" प्रवेशाच्या पॅकेजमधल्या चिप्सचंही विचारायचं. त्या बहुधा एकदाच खेळायच्या असतात, त्यांचे रोख पैसे होत नाहीत. त्यांना फुकट म्हणायचं नाही, त्या प्रवेशातच मोजलेल्या असतात.

आणि जिंकलेच, तर त्यावर सरळ 30 टक्के प्राप्तिकर, वर सेस. त्यातून हरलेले वजा करता येत नाहीत. हे ऐकून भावोजी म्हणाले, "तुम्हाला बोटीवर नेण्यात काही अर्थ नाही."

गंमत म्हणजे गोव्याच्या माणसांना स्वतःला 1 फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. बोटी त्यांच्या नदीत उभ्या आणि चाक फिरवायला आम्ही ठाण्याहून जायचं! आपल्याकडेही 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, 2023 मध्ये रद्दही केला. नाहीतर भावोजींनी मांडव्यालाच नेलं असतं, लाँचने.

शुक्रवार

भावोजींचं म्हणणं, बोटीचा प्रवेशही कॉन्ट्रीत, म्हणजे सगळ्यांच्या समान वर्गणीत घ्या, सगळे एकत्रच जाणार ना. मी काही बोलले नाही, कारण दुपारी नणंदेचा वेगळा मेसेज आला होता: "वहिनी, आम्ही बोटीवर नाही आलो तर चालेल ना? ग्रुपवर नको बोलूस." तिच्या नवऱ्याने नोकरी बदललीय, नव्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय. सात हजार माणशी ते देतील, हसत देतील. त्यावर बोटीसाठी लागणारे माणशी चार हजार त्यांना जड आहेत, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणणं त्याहून जड.

सहलीच्या बजेटमध्ये मला हेच अवघड वाटतं. बेरीज कुणीही करेल. पण कॉन्ट्री ठरते ती सगळ्यात मोकळ्या हाताच्या माणसाच्या तोंडून, आणि ज्याचा हात आखडलेला असतो तो माना डोलावतो. मग घरी येऊन दोन महिने क्रेडिट कार्ड फेडत बसतो.

तर ग्रुपवर टाकलं: कॉन्ट्री फक्त सात हजारांची. बोट टीटीएमएम, तू तुझं मी माझं, ज्याला जायचं त्याने जावं. प्रवेशासकट माणशी 4,000, रोख, पाकिटात. कार्डं हॉटेलवर. बोटीवर कुणी कुणाला उसने द्यायचे नाहीत. आणि शेवटी घातलं, की मला स्वतःला बोटीत फारसा रस नाही, मी बेतीच्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन येणार, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, कुणाला यायचंय? दोन मिनिटांत नणंदेचा अंगठा. पाठोपाठ तिच्या नवऱ्याचाही.

भावोजींनी रडका चेहरा टाकला. ह्यांनी विचारलं, मी कुठल्या बोटीवर? म्हटलं, तुमचे चार हजार, तुम्ही ठरवा.

रात्री जाऊबाईंचा फोन. हळू आवाजात, बहुधा गॅलरीतून. "वहिनी, माझे चार हजार तुम्ही तुमच्याकडे ठेवा. ह्यांच्या पाकिटात नको. माझे मी येऊन मागेन, तेव्हाच द्या. आणि ह्यांनी मागितले तर 'मी फेरीबोटीवर आहे' म्हणून सांगा."

कागदावर एक ओळ वाढवली. जाऊबाईंचे 4,000, अनामत.