हात लावून पाहणारा डॉक्टर

आज आईला बी.पी. दाखवायला आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. सोयाबीन सोंगणीचे दिवस, तरी बाहेर बाकड्यावर बसायला जागा नव्हती.

नंबर लागला तसं त्यांनी आधी विचारलं, "काकू, गोळी रोज घेता ना? का वावरात जायच्या घाईत राहून जाते?" राहूनच जात होती. आईनं घरात हे कधी सांगितलं नव्हतं, त्यांना मात्र लगेच सांगून टाकलं. मग दंडाला पट्टा बांधून बी.पी. दोनदा मोजलं, पायावर अंगठा दाबून सूज पाहिली, लोणचं-पापड कमी करायला लावलं. गोळी तीच ठेवली, फक्त रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. बाहेर आल्यावर आई म्हणते, "हात लावून पायलं ना बापा, तिथंच अर्धं बरं वाटलं."

मागं शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात रिपोर्टची फाइल जाड झाली, पण मान वर करून आईकडे कोणी पाहिलं नाही. तपासण्या लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण बी.पी., शुगर जन्मभराचं दुखणं; गोळी चालू राहते ती डॉक्टरवरच्या भरवशावर.

मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी नाममात्र फी घेऊन वर्षानुवर्षं अशीच माणसं तपासली. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. नव्या डॉक्टर पोरापोरींनी गावाकडे यावं असं मनापासून वाटतं. आमचे डॉक्टर साठीपुढं गेलेत, आणि त्यांच्यानंतर दवाखाना कोण चालवणार हे गावात कोणालाच माहीत नाही.