देवगडच्या सड्यावरचा ट्रॅकर

देवगडहून फोन आला तेव्हा मी शेजारच्याच गावात होतो. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, आंब्याच्या बागेतला सोलर पंप दुपारपर्यंत पाणीच चढवत नव्हता, कारण पॅनल आदल्या संध्याकाळी पश्चिमेकडे वळले ते तसेच अडकले होते. मे संपत आला होता आणि समुद्रावर ढग चढत होते. हातातलं काम आवरून मी लगेच निघालो.

तीन एचपीचा पंप, एका जाड खांबावर नऊ पॅनल. त्यांना सूर्यामागे फिरवायला दोन मोटरी, एक पूर्व-पश्चिम आणि दुसरी उत्तर-दक्षिण. अशा फिरत्या सांगाड्यालाच ट्रॅकर म्हणतात. जोराचा वारा आला की वारामापकाच्या इशाऱ्यावर पॅनल आपोआप आडवे व्हायला हवेत. पण पॅनल ढकलणारा मोटरीचा दांडाच अडकला तर इशारा मिळून काय उपयोग? नऊ पॅनल मिळून अठराएक चौरस मीटरचं शीड तिथं जवळजवळ उभं होतं, आणि तेही जिथं वारा बघून पवनचक्क्या लावल्या त्या देवगडात.

बागेचे मालक काका खांबाशीच उभे होते. "झिला, वारो वाढतासा. आधी ह्या आडवा कर."

उजेड आहे तोवर पॅनलच्या तारांत वीज असते, म्हणून पहिल्यांदा पॅनलकडून येणारी वीज तोडणारा डीसी स्विच पाडला. पुढचं काम जोखमीचं होतं. पॅनल ज्या जागी उभे असतात तिथे त्यांना मोटरीचा दांडाच धरून ठेवतो. त्याची पिन काढली की लोखंडी सांगाड्यासकट सगळं वजन मोकळं होतं, आणि वाऱ्याला ते कुठंही फिरवता येतं. म्हणून दोन्ही बाजूंना जाड दोर बांधले. एक कलमाच्या बुंध्याला वळसा देऊन काका आणि त्यांच्या गड्याने धरला, दुसरा काकींनी पंपाच्या चौथऱ्याच्या कडीत अडकवला. पिन गंजून बसलेली. तेल घालून, ठोकून ती निघेपर्यंत पहिली वावटळ आलीच. पॅनल हातभर उचलले गेले, दोर ताणला, काका जांभ्यावर पाय रोवून उभे राहिले. त्या झोतात कोणी दोर सोडला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो. वारा जरा पडताच इंच-इंच सोडत आम्ही पॅनल आडवे केले आणि साखळीने बांधले.

मग दांडा उघडला. रबरी आवरण चिरलेलं, आत खारी हवा गेलेली, ग्रीसमध्ये जांभ्याची लाल धूळ मिसळून घट्ट लगदा झालेला, आटे खाल्लेले. किनाऱ्यावर मी असे दांडे अनेक पाहिले आहेत. पॅनल वर्षानुवर्षं टिकतात, हलणारा भाग आधी जातो. जिथं समुद्र दिसतो तिथं मोटर लावायची तर दरवर्षी आवरण आणि ग्रीस बदलायची तयारी हवीच.

पाऊस सुरू झाल्यावर पडवीत बसून पुढचं बोललो. मी म्हणालो, "काका, पॅनल कायमचे बसवूया का?"

"मोटार नको माका," ते म्हणाले, "पण सकाळचा पाणी होया."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि हे विक्रीच्या कागदात कुठं लिहिलेलं नसतं. स्वच्छ उन्हात एका दिशेनं फिरणारा ट्रॅकर स्थिर पॅनलपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जास्त वीज देतो, दोन दिशांचा ३० ते ४० टक्क्यांपर्यंत. पण पंपाला ठरावीक जोर मिळाल्याशिवाय पाणी वरच येत नाही. स्थिर पॅनलवर सकाळ त्या वाट पाहण्यात जाते आणि पाणी भर दुपारी एकदम उपसलं जातं. मेमधली विहीर तो उपसा सोसत नाही. पूर्वेकडे वळलेले पॅनल पंप लवकर सुरू करतात, उपसा दिवसभर पसरतो, झऱ्यांना भरायला वेळ मिळतो. नवीन कलमं जगवायची तर हेच महत्त्वाचं.

पावसाळ्यात ट्रॅकरचा फायदा जवळपास संपतो, कारण ढगांतून उजेड सगळ्या आकाशातून येतो. पण तेव्हा बागेला पंप लागतोच कुठं? उत्तर-दक्षिणेच्या मोटरीला तर इथं फारसं कामच नाही. देवगड साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो, नंतर ऑगस्टपर्यंत दुपारी जरासा उत्तरेला असतो. खरी कमाई पूर्व-पश्चिम वळण्यात आहे.

आणि त्याला मोटर लागतेच असं नाही. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सोलर पंपांच्या पाण्याचे जे आकडे ठरवलेत, ते पॅनल दिवसातून तीनदा फिरवले जातात असं धरूनच. पण पंप बसवून देताना हे कोणी शेतकऱ्याला नीट सांगत नाही, याचा मला राग येतो.

पावसानंतर मी दोन्ही मोटरी काढल्या. उत्तर-दक्षिणेचा सांधा बोल्टने पक्का केला. दुसऱ्या सांध्याला लांब दांडी आणि जाड पट्टीत तीन भोकं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. पिना स्टेनलेस स्टीलच्या. वारा दिसला की दुपारचं भोक आणि साखळी. काकींनी स्वतः दांडी फिरवून बघितली, आणि एका माणसाला पेलेल इतकी ती लांब करून घेतली.

आता घराच्या छपरासाठी कोणी ट्रॅकर मागितला तर मी सरळ नाही म्हणतो. त्याच पैशांत दोन पॅनल वाढवा आणि पक्के बसवा. बागेच्या पंपासाठी मात्र आधी विचारतो: विहीर कधी भरते, आणि सकाळी दांडी फिरवायला घरात कोण आहे?