२४ पिन बसली! जुळ्या वायरींचा तिढा (एकदाचा) सुटला

मंडळी, २४ पिनची केबल बसली, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायकडून मदरबोर्डला वीज नेणारी; तिच्या प्रत्येक वायरीवर मी रंगीत विणलेलं कवच (स्लीव्ह) चढवतोय. खटका वाजून, चारही जुळ्या वायरींसकट (एकाच पिनेवर दोन-दोन वायरी), आणि मदरबोर्डजवळ एकही फुगवटा नाही. मागचा भाग वाचलेल्यांना ठाऊक आहे की वैतागून ती केबल मी ड्रॉवरमध्ये टाकली होती आणि पंख्यांकडे वळलो होतो.

तर आधी पंखे. त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. वायरी बारीक, चारही एकाच ४ मिमी पेट (पीईटी प्लास्टिकच्या) स्लीव्हमध्ये मावतात, दोन टोकांना हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), काम संपलं. कनेक्टरच्या खिडकीतून दिसणारी टर्मिनलची (वायरीच्या टोकाच्या धातूच्या पिनेची) जीभ शिवणकामाच्या सुईने दाबली की वायर अलगद बाहेर येते. हल्ली बऱ्याच पंख्यांना चारही वायरी काळ्याच असतात, म्हणून सोडवण्याआधी खूण करा: ग्राउंड, १२ व्होल्ट, टॅको (वेग कळवणारी), पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी). पंख्यांना पॅराकॉर्ड (पॅराशूटची विणलेली दोरी) न वापरता पेट का, असं गेल्या वेळी कुणीतरी विचारलं होतं. जळगावात राहून बघा. जिनिंगचा हंगाम लागला की हवेत कापसाचे तंतू, उरलेले महिने धूळ. पंख्याच्या तोंडाशी असलेल्या पॅराकॉर्डवर हे सगळं चिकटून बसतं. पेट गुळगुळीत, ब्रश फिरवला की साफ.

आता खरं दुखणं.

माझ्या मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) पॉवर सप्लायच्या बाजूला १८ आणि १० पिनांचे दोन कनेक्टर आहेत, त्यातलं एक घर रिकामं. मदरबोर्डकडे २४ पिना, त्यातली २० नंबरची रिकामी. म्हणजे एकीकडे २३ टर्मिनल आणि दुसरीकडे त्यापेक्षा चार जास्त. या चार जादा वायरी मदरबोर्डच्या टोकाला दुसऱ्या वायरीसोबत एकाच टर्मिनलमध्ये क्रिम्प केलेल्या (पाकळ्या दाबून पकडलेल्या) आहेत: ३.३ व्होल्टची १३ नंबरच्या पिनेवर, आणि ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, ग्राउंड यांची एकेक. माझ्याकडच्या चारही सेन्स वायरी आहेत. त्यांचं काम वीज पोचवणं नाही. मदरबोर्डपाशी प्रत्यक्षात किती व्होल्ट पोचले ते सप्लायला कळवणं, एवढंच. जुन्या सप्लायमध्ये १३ नंबरला नारिंगीच्या शेजारी ती बारीक तपकिरी वायर दिसायची ना, तीच ही.

स्लीव्ह करताना या जुळ्यांचं काय करायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत. पहिला प्रकार, मदरबोर्डपासून चार-पाच सेंटिमीटरवर वाय-जोड: सोल्डर, वर हीटश्रिंक, पुढे एकच वायर. हे मी करून बघितलं. जोड मजबूत झाला, पण स्लीव्हच्या आत सुपारीएवढा फुगवटा. चार जोड एकाच ओळीत आले की केबलला वळणच घेता येत नाही. मागेपुढे सरकवून केले तर फुगवटे चार ठिकाणी दिसतात. शिवाय सोल्डर झिरपून वायर ताठ होते, आणि ताठ तुकडा जिथे संपतो तिथेच ती वाकून वाकून तुटते.

दुसरा प्रकार सगळ्यात लोकप्रिय: जोड पॉवर सप्लायच्या टोकाला करा, तो मागच्या झाकणाआड जातो, कुणाला दिसत नाही. दिसत नाही हे खरं. पण मग सेन्स वायर मोजते काय? सप्लायच्या दाराशीच व्होल्ट मोजते आणि पुढच्या साठ सेंटिमीटरमध्ये काय गळालं याची तिला खबरच नाही. कागदावर मांडून बघा. १८ गेज (आकडा मोठा तितकी वायर बारीक) तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण २१ मिलिओहम, म्हणजे ६० सेंटिमीटरला १२.६. एका वायरीतून ५ अँपिअर गेले तर ०.०६३ व्होल्टची घट. १२ व्होल्टवर ही चिल्लर आहे. पण ३.३ व्होल्टला एटीएक्सची (पॉवर सप्लायच्या मानकाची) मुभा ५ टक्के, म्हणजे ०.१६५ व्होल्ट, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या केबलने खाल्ला. आजचे बोर्ड ३.३ वर फार ओढत नाहीत, त्यामुळे मशीन चालेल, चालतंच. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल करावं. मला मात्र पटत नाही. केबल सुंदर दिसावी म्हणून सप्लायचा डोळा झाकायचा, हा कुठला न्याय?

तिसरा प्रकार म्हणजे जुळी वायर तशीच ठेवायची, दोघींना वेगवेगळी स्लीव्ह चढवायची आणि एकाच टर्मिनलपाशी दोन स्लीव्ह कोंबायच्या. मिनी-फिट ज्युनियरची (म्हणजे या कनेक्टरची) घरं एकमेकांपासून ४.२ मिमीवर. तिथे एक पॅराकॉर्ड कशीबशी मावते, दोन मावायचं नावच नको. ढकलून बसवायला गेलं की टर्मिनलचे कान आत दबतात, मग ते घरात अडकत नाही आणि मदरबोर्डला लावताना मागे सरकतं. मागे सरकलेलं टर्मिनल म्हणजे अर्धवट संपर्क, आणि अर्धवट संपर्क म्हणजे उष्णता. ड्रॉवर उघडून केबल आत टाकली ती याच टप्प्यावर.

तोडगा सुचला तो शेजारच्या काकूंमुळे. त्या बिबडे द्यायला आल्या होत्या. मी दुपारच्या उकाड्यात कूलर बंद करून बसलेलो, कारण कूलरच्या वाऱ्याने लायटरची ज्योत हलते आणि स्लीव्हचं टोक एका बाजूने जळतं, दुसऱ्या बाजूने सुटं राहतं. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि घरात कूलर बंद, यावरून घरातली माणसं मला काय म्हणत असतील ते सोडा. काकूंनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, “काय रे, परकरनी नाडी ओवी ऱ्हायना का?” मी हो म्हणालो. “मंग ढकली काय ऱ्हायना? ढकलू नको, वढ.”

तोवर मी वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून ती पॅराकॉर्डमध्ये ढकलत होतो, सगळे करतात तसंच. ढकलताना वायर आत वाकते, कॉर्ड गोळा होते, म्हणून आत भरपूर मोकळी जागा लागते आणि म्हणून एका कॉर्डमध्ये एकच वायर असं गृहीत धरलेलं. पण पुढून ओढलं तर कॉर्ड उलट ताणली जाते आणि घट्ट असली तरी सरकते. मग एकाच कॉर्डमधून दोन वायरी का नाही ओढायच्या? १८ गेजची वायर पीव्हीसीसकट २.१ मिमीच्या आसपास. तिच्या सोबतीला एखादी अगदी बारीक वायर मिळाली तर दोघी मिळून ३ मिमी. आतले धागे काढलेली ५५० पॅराकॉर्ड एवढं सहज गिळते.

आणि सेन्स वायर बारीक का नसावी? तिच्यातून प्रवाह जवळजवळ जातच नाही. प्रवाह नाही तर घट नाही, मग ती २२ गेज असो की २६. कारखान्यात जाड वापरतात ती क्रिम्प करायला आणि ओढाताणीत टिकायला सोपी म्हणून, असा माझा समज.

दुसऱ्या दिवशी गोलाणी मार्केट. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ३० गेजची जंपर वायर ढिगाने मिळते, पण ती एकतारी. वाकवून वाकवून तुटते, क्रिम्पमध्येही भरवसा नाही. मला हवी होती बहुतारी. ती शेवटी एका ऑडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळाली: २६ गेज, टेफ्लॉन वेष्टनाची, जाडी मिलिमीटरच्या आत. टेफ्लॉनचा आणखी एक फायदा घरी आल्यावर कळला. स्लीव्हचं टोक वितळवताना पीव्हीसी मऊ पडतं, कधी कधी चिकटतंही. टेफ्लॉनला लायटरच्या त्या धावत्या धगीने काही होत नाही. रंग मात्र पांढराशुभ्र मिळाला. हिरव्या कॉर्डच्या विणीतून जरा डोकावतो, पण टेबलावर नाक लावूनच दिसेल एवढा.

मग टर्मिनल. १८ गेजचं तांबं ०.८२ चौरस मिमी, २६ गेजचं ०.१३, दोन्ही मिळून ०.९५. नेहमीचं टर्मिनल १८ गेजपर्यंतच, त्यात हे दाटतं आणि पाकळ्या नीट मिटत नाहीत. १६ गेजसाठी वेगळं टर्मिनल येतं, ते १.३१ चौरस मिमीपर्यंत घेतं. फक्त या चार जागांसाठी ती मागवली आणि क्रिम्प अशी बसली की वायर ओढून बघताना बोट दुखलं, वायर हलली नाही. दोन १८ गेजच्या वायरी एकत्र का बसत नाहीत त्याचंही उत्तर याच बेरजेत आहे: १.६४ होतात, १६ गेजच्या टर्मिनललाही जास्त.

हत्यारांबद्दल, कारण विचारणारे विचारतातच. क्रिम्पिंगसाठी माझ्याकडे रॅचेटवाली एसएन-२८बी आहे, आणि बरेच जण तिला नावं ठेवतात. तांब्याच्या पाकळ्यांसाठी ती उत्तम आहे. वेष्टनाच्या पाकळ्या मात्र जरा चिरडते, त्यामुळे त्या मी आधी बारीक पक्कडीने अर्ध्या वळवून घेतो. जपानी इंजिनिअर कंपनीची पीए-०९ मित्राकडे वापरून पाहिली. दोन पाकळ्या दोन वेळा वेगळ्या दाबाव्या लागतात, वेळ दुप्पट, पण काम दागिन्यासारखं. २४ पिनसाठी धीर असेल तर तीच घ्या. टर्मिनल काढायच्या स्वस्त दुदाती काडीवर पैसे घालवू नका. ऑनलाइन घेतलेल्या माझ्या काडीचे दात दुसऱ्याच कनेक्टरला वाकले. स्टेपलरच्या जाड पिना बऱ्या. आणि काढलेलं टर्मिनल परत घालण्याआधी त्याचे कान ब्लेडच्या टोकाने बाहेर काढायला विसरू नका.

स्लीव्हबद्दल. जर्मनीच्या एमडीपीसी-एक्सच्या दर्जाबद्दल वाद नाही, पण कुरिअर आणि कस्टम धरून ती खानदेशात पोचेपर्यंतचा हिशेब विचारू नका. माझी हिरवी कॉर्ड उधन्याहून आली. आपल्याकडे प्रत्येकाचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच. माझा मामेभाऊ ताप्ती लाइनच्या गाडीने येताना पोकळ विणीच्या पॉलिस्टर दोरीचं रीळ घेऊन आला. नायलॉनपेक्षा किंचित कडक आहे, टोक वितळल्यावर मणी कठीण होतो, पण रंग केळीच्या पानाचा, अगदी मला हवा तसा. टोकांना हीटश्रिंक दिसू नये म्हणून आपली नेहमीची पद्धत: टाकाऊ हीटश्रिंकचा तुकडा वर चढवून कडक गरम करायचा, आतली स्लीव्ह वितळून वायरीला चिकटली की तो तुकडा कापून फेकायचा. जुळ्या वायरींना हे जास्त सांभाळून, कारण आतला आकार गोल नसतो आणि एका बाजूला स्लीव्ह चिकटायची राहते.

ओढण्यासाठी सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक तार वापरली. तिला दोन्ही वायरी मागेपुढे टोकं ठेवून बांधल्या, वर टेपचा एकच वेढा.

पॉवर सप्लायच्या बाजूला दोघी शेवटच्या तीन सेंटिमीटरवर कॉर्डमधून बाहेर पडून आपापल्या घरात जातात. तिथलं पिनआउट (कुठल्या पिनेवर काय) मात्र प्रत्येक कंपनीचं, कधी कधी त्याच कंपनीच्या दोन मालिकांचंही वेगळं असतं, हे नव्याने आलेल्यांसाठी पुन्हा लिहितो. मल्टिमीटरची बीप लावून स्वतःचा तक्ता करा. दुसऱ्या सप्लायची केबल “बसते की” म्हणून लावलीत तर ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन हार्ड डिस्क मरते.

चाचणी नेहमीप्रमाणे बोर्डाबाहेर: १६ नंबरची पीएस-ऑन ग्राउंडला जोडून सप्लाय सुरू, प्रत्येक पिनेवर मीटर. मग बोर्डावर लावून, मशीनवर ताण देऊन, कनेक्टरच्या मागून मीटरची टोकं घालून मोजलं. ३.३ च्या रेषेवर ३.३२, ताण असताना आणि नसताना सारखंच. सप्लायला डोळा परत मिळाला. तो आकडा मी घरात सगळ्यांना दाखवला. कुणी काही बोललं नाही, पण मी दाखवला.

पुढचा बेत बंद भोकांचे ॲक्रिलिक कॉम्ब (वायरी ओळीत धरणाऱ्या पट्ट्या) मागवायचा होता, आणि हे लिहिता लिहिताच तो रद्द करतोय. कॉम्बची भोकं एका वायरीच्या स्लीव्हसाठी असतात. या चार जुळ्या त्यात रुतून बसतील आणि पॉलिस्टरची वीण विस्कटेल. त्यापेक्षा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरींचे जुडगे मेणदोऱ्याने बांधलेले असायचे, ती पद्धत का नको? चांभारकामाचा मेण लावलेला दोरा बाजारात कुठेही मिळतो. प्रत्येक वायरीमागून एक वेढा, पुढून एक गाठ. जुळी असो वा एकटी, दोऱ्याला फरक पडत नाही. काळ्या दोऱ्याची बारीक ओळ हिरव्यावर कॉम्बपेक्षा उठून दिसेल असंही वाटतंय. एका तुकड्यावर बांधून बघतो आणि सांगतो.

ईपीएसमध्ये (प्रोसेसरच्या वीजकेबलमध्ये) जुळं काही नाही, चार १२ व्होल्ट आणि चार ग्राउंड, ती एका बैठकीत होईल. ग्राफिक्स कार्डाची केबल मात्र एकीला दुसरी लटकवलेली आहे, म्हणजे पहिल्या कनेक्टरच्या टर्मिनलमध्ये पुन्हा दोन दोन वायरी, आणि या सेन्सच्या नाहीत, पूर्ण प्रवाहाच्या. इथे बारीक वायरीची युक्ती अजिबात चालणार नाही. ती जोडी तोडून सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल करणार. ८ पिनच्या एका कनेक्टरला १५० वॉट धरलेत, तेवढे एकेका केबलने वेगळे वाहिले तर मलाही झोप बरी लागेल.

एक विचारणा: २६ गेजची बहुतारी टेफ्लॉन वायर काळ्या रंगात कुणाला धुळे, नाशिक किंवा भुसावळला मिळाली असेल तर दुकान कळवा. पूर्ण रीळ नको, दहा मीटर पुरे.